पुरी झालेली झालर

झालरवालीच्या हातून आयुष्यात एकच काम नको तितकं चांगलं झालं आणि त्या एका कामानं तिच्या तोंडचं पाणी पळवलं. वाईट कामाची शिक्षा सगळ्यांनाच मिळते, त्यात नवल ते काय. हिला चांगल्या कामाची मिळाली.

गल्लीत तिला सगळे झालरवालीच म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील. धंदा एवढाच, की हातानं गाठी मारलेल्या गालिच्यांच्या झिजलेल्या झालरी नीट करायच्या आणि पार गेल्या असतील तर नव्या घालायच्या. लोकांना वाटतं झालर म्हणजे पडद्याला शिवतात तशी मागाहून लावलेली शोभा. असं समजून कोणी दुकानात आलं की ती चहा सोडून उठायची. "लावलेली नसते हो ती," ती सांगायची, "उरलेली असते." मागावर जे उभे दोरे ताणतात त्यांच्यावरच सगळ्या गाठी बसतात आणि त्याच दोऱ्यांची दोन्हीकडे उरलेली टोकं म्हणजे झालर. ती झिजून काठापर्यंत गेली की काठाच्या गाठी सुटायला लागतात आणि एकदा सुटायला लागल्या की थांबत नाहीत. म्हणून आधी काठ बांधायचा, मग बाकीच्या गप्पा.

हे सगळं तिला बाबांनी शिकवलेलं. बाबांना बाजारात उस्ताद म्हणत आणि ते काही उगीच नाही. त्यांनी घातलेली झालर कुठली आणि मूळची कुठली हे शोधायला भिंग घेऊन बसलेली माणसं हात हलवत परत गेलेली होती. लेकीला त्यांनी सात वर्षं कात्रीला हात लावू दिला नाही. सुई दिली, फणी दिली, दोरे चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या रंगावर आणायला शिकवलं, पण कात्री नाही. "सुईनं चुकलेलं सुईनं निघतं," ते म्हणायचे. "कात्रीनं चुकलेलं कशानं काढशील?" ती पंचविशीला आली तेव्हा कुठे कात्री हातात पडली, आणि त्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

चार वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग आई गेलीय हे, आणि शेवटी ती. आता ते तिला 'बाई' म्हणत. दुकान आपलं आहे हे त्यांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. ही कोणी मालकीणबाई आहे आणि आपण तिच्याकडे कामाला आहोत अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. झालरवालीला सुरुवातीला हे फार लागलं. रडून रडून ती थकली, मग तिनंही त्यांना 'उस्ताद' म्हणायला सुरुवात केली. निदान त्या हाकेला ते ओ देत.

पण विसरणं एक वेळ परवडलं, पळणं नाही. बाबा घरातून निघून जात. पहिल्या खेपेला बसडेपोत सापडले. दुसऱ्या खेपेला पोलिसांनी आणून सोडलं तेव्हा पायात एकच चप्पल होती आणि मनगट सुजून भोपळा झालं होतं. दोन्ही वेळा दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, कामावरून पळत यावं लागलं. दादा काही वाईट माणूस नव्हता. नुसता दमला होता. दुसऱ्या खेपेला त्यानं डोक्याला हात लावून सांगितलं, "आता बास. मी संस्थेत नाव घातलंय. तिसऱ्यांदा गेले तर तू एक शब्द बोलायचा नाहीस."

ती संस्था तिनं जाऊन पाहिली होती. स्वच्छ होती, म्हणजे अगदी नाव ठेवायला जागा नाही इतकी स्वच्छ. प्रत्येकाला एक खाट, एक कपाट, एक खिडकी. सुई, कात्री, दोरा यांना बंदी, कोणी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून. हॉलमध्ये पंचवीस म्हातारे हात मांडीवर ठेवून बसले होते. झालरवालीनं ते पन्नास हात बघितले आणि ती पायरीवर येऊन बसली. बाबांचे हात असे बसलेले तिनं जन्मात पाहिले नव्हते. तिनं ठरवलं की काय वाटेल ते होवो, त्या हॉलमध्ये बाबांना पाठवायचं नाही.

मग तिला माळ्यावरचा गालिचा आठवला. बाबांनी तरुणपणी, मागावर नोकरीला असताना, उरलेल्या लोकरीतून स्वतःसाठी केलेला. चार फूट रुंद, सहा फूट लांब. उरलेली लोकर म्हणजे काय, आज निळी मिळाली, उद्या नाही. त्यामुळे दर दोन बोटांवर जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, रंग बदलत गेलेला. एका टोकाची झालर बाबांनी कधीतरी बांधून ठेवली होती, ती आजही शाबूत होती. दुसऱ्या टोकाची पार गेली होती. गिऱ्हाइकांचे काठ बांधता बांधता घरच्या काठाला चाळीस वर्षं वेळ मिळाला नाही, असं ते घर.

तिनं तो गालिचा खाली काढला, गुंडाळी करून हातभर काठ तेवढा उघडा ठेवला आणि खिडकीशी बाबांसमोर मांडला. बोथट टोकाची जाड सुई दिली, सुती दोरा दिला. "उस्ताद, एवढी झालर घालायची आहे."

बाबांनी काठावरून अंगठा फिरवला. "फार दिवस अंगावर काढलंय हे," ते म्हणाले आणि बसले.

आणि बसलेच. हे काम असं, की प्रत्येक जुन्या उभ्या दोऱ्याला लागून नवा दोरा सुईनं दोन बोटं आत घालायचा, वळवून बाहेर आणायचा, टोकं सारखी करायची. बाबा सकाळी दहा-बारा दोरे घालत. दुपारच्या जेवणानंतर त्यांना ते दुसऱ्या कोणाचं तरी काम वाटे आणि ते नाक मुरडून सगळे उपसून काढत. संध्याकाळी पुन्हा घालायला घेत. अकरा आठवडे त्या हातभर काठाचं काम चाललं होतं आणि पुढे सरकलं होतं अवघं चार बोटं. पण अकरा आठवड्यांत बाबांनी दाराकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. झालरवाली दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोलायला लागली. समोरचा चावीवाला म्हणालासुद्धा, "काय, हल्ली झोप लागते वाटतं?"

इथवर सगळं ठीक होतं. इथेच तिनं हात बांधून बसायला हवं होतं.

दादाचा फोन आला. संस्थेत जागा झाली होती. संस्थेच्या मॅडम रविवारी चार वाजता बाबांना पाहायला येणार होत्या. "पाहू दे ना," झालरवाली म्हणाली. "ते आता शांत असतात. बघतीलच त्या." फोन ठेवला आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. शांत आहेत हे खरं, पण मॅडमना दिसणार काय? अर्धवट काठ, ओढून काढलेले दोरे, सुईशी चाळा करणारा म्हातारा. त्यापेक्षा पुरी झालेली झालर दिसली तर? 'हे यांनी केलंय, या वयात, या आजारात,' असं सांगितलं तर कोण नेईल त्यांना? आता खरं सांगायचं तर मॅडम हे निमित्त होतं. तीन महिने तो अर्धवट काठ तिच्या डोळ्यांत खुपत होता. झालरवालीच ती. उघडा काठ बघून तिच्या बोटांना कळ लागायची.

सहा दुपारी, बाबा जेवून झोपले की ती गालिचा उलगडून बसली. ते उठायच्या आत पुन्हा गुंडाळून ठेवायची, त्यांच्यापुढचा हातभर काठ तिनं सगळ्यात शेवटी घेतला. दोरे चहाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवले. बाबा दोरा कसा डाव्या अंगानं वळवतात, तसाच वळवला. कडेला चार आडवे दोरे विणून काठ पक्का केला, झालरीचे झुबके बांधले, फणीनं विंचरले. शनिवारी दुपारी शेवटचा झुबका बांधून ती मागे सरकली आणि तिला स्वतःलाच कळेना, यातलं बाबांचं कुठलं आणि तिचं कुठलं. बोट ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी ती स्वतःवर इतकी खूश होती की बघवत नव्हतं.

रविवारी बारा वाजता जेवणं उरकल्यावर तिनं तो गालिचा खिडकीशी पूर्ण उलगडून ठेवला. बाबा आले. उकिडवे बसले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चार फूट, अंगठा फिरवत गेले. ती बघत उभी. बाबांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोवली, चष्मा पुसून खिशात ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"झालं, बाई," ते म्हणाले. "चांगलं झालं. आता घरी जातो."

ती हसली. "हेच घर, उस्ताद. बसा, चहा टाकते."

चहाचं पाणी उकळायला किती वेळ लागतो? तेवढ्यात बाबा गेले होते. दार उघडं, चपला नाहीत, टेबलावरची छोटी कात्रीही नाही.

कारागिराचं काम संपलं की कारागीर घरी जातो. एवढी साधी गोष्ट. गालिच्याच्या धंद्यात हे लहान पोराला कळतं, आणि हिला, तीस वर्षं सुई चालवलेल्या बाईला, कळलं नाही. इतके दिवस बाबांना या घरात धरून ठेवलं होतं ते तिच्या मायेनं नाही, औषधानं नाही. अर्धवट राहिलेल्या कामानं. ते तिनं आपल्या हातानं, झुबके विंचरून, पुरं करून टाकलं होतं. पायात काय आलं ते घालून ती पळत सुटली.

चावीवाल्यानं सांगितलं, "मोठ्या रस्त्याकडे गेले. मी विचारलं कुठे, तर म्हणाले काम झालं, घरी निघालो. मला वाटलं तू मागून येतेयस."

घरी म्हणजे कुठलं घरी? हे घर त्यांच्या लेखी दुकान होतं. त्यांचं घर म्हणजे ती लहान असताना नदीपलीकडे भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. पूल ओलांडून जावं लागे. त्या पुलावर आता चार पदरी गाड्या धावत होत्या आणि फुटपाथ होता एक हात रुंद. ती पुलावरून धावली तेव्हा कठड्यावरून खाली पाण्यात बघायची तिची हिंमत झाली नाही, आणि न बघता पुढे जायचीही झाली नाही. दर दहा पावलांवर ती वाकून बघत होती आणि दर वेळी मनात म्हणत होती, मी केलं हे, मी केलं.

अर्ध्या पुलावर फोन वाजला. दादा. "आम्ही चारला पोचतो. सगळं ठीक?"

"ठीक," ती म्हणाली. "झोपलेत."

"धापा का टाकतेयस?"

"झाडलोट करतेय." आयुष्यात दादाशी ती इतकं सरळ खोटं कधी बोलली नव्हती.

जुनं घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिचं ऐकून घेतलं. "आले होते एक म्हातारे. मला विचारत होते, जिना कुठे गेला. मी म्हटलं इथे जिना नाही आजोबा. बराच वेळ तिथेच उभे होते. मग पलीकडच्या बाजूनं परत गेले."

जिना कुठे गेला. तिला भर रस्त्यात हुंदका फुटला. तो जिना लाकडी होता, तिसरी पायरी करकरायची, आणि ती करकरली की आई भांडं चुलीवर चढवायची. बाबा त्या पायरीच्या शोधात आले आणि तिथे फाटक बघून, कोणाला दोष न देता, गप परत फिरले. तीन वाजत आले होते.

ती पलीकडच्या फुटपाथनं परत निघाली. प्रत्येक दुकानात डोकावत, प्रत्येक बाकाशी थांबत. आता तिला बाबा सापडणार नाहीत अशी खात्रीच होत चालली होती. सापडले तरी काय उपयोग, तिसरी खेप ती तिसरी खेप, असंही मनात येत होतं, आणि असं मनात आल्याची लाज वाटत होती.

फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे तिला पाठ दिसली. वाकलेली, खांद्यात ओळखीची. बाबा जमिनीवर बसले होते. समोर यंत्रावर केलेला गुळगुळीत गालिचा, आणि बाबा घरून आणलेल्या छोट्या कात्रीनं त्याची शिवलेली झालर टाका टाका उसवत होते. अर्धी झालर सुटून बाजूला पडली होती. दुकानदार आणि दोन नोकर डोक्यावर उभे होते.

"तुमचे का हे?" दुकानदार म्हणाला. "अहो, सांगून ऐकत नाहीत. वर मलाच रागवतात."

बाबांनी मान वर केली. "खोटी लावलीय," ते दुकानदाराला म्हणाले. "आतून काही आलेलंच नाही. शिवून दिलीय नुसती. फसवलं तुम्हाला कोणीतरी."

"बरोबर आहे उस्ताद," झालरवाली म्हणाली. दुकानदाराला तिनं हात जोडले, उद्या येऊन स्वतः शिवून देते म्हणून सांगितलं, आपला पत्ता लिहून दिला. दुकानदार भला निघाला. "माझे आजोबाही असेच होते," एवढंच म्हणाला आणि टॅक्सीला हात केला.

टॅक्सीत बाबांनी तिचा हात धरला नाही. परक्या बाईचा कसा धरणार? ते कोपऱ्यात अंग चोरून बसले. "पुलापलीकडे सोडा," ते टॅक्सीवाल्याला सांगत राहिले. "काम झालंय माझं. घरी वाट बघतात." टॅक्सीवाला आरशातून तिच्याकडे बघत होता आणि ती मान हलवून नाही म्हणत होती.

घरी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. तिनं बाबांना खिडकीशी आणलं. त्यांनी पुऱ्या झालेल्या झालरीकडे पाहिलं, परत म्हणाले, "हे झालंय," आणि दाराकडे निघाले. तिनं कडी लावली. त्यांनी कडी काढायला हात घातला. ती मध्ये उभी राहिली.

"बाई, वाट सोडा."

"जरा बसा उस्ताद. दहा मिनिटं."

"काम असेल तर बसतो. काम दाखवा."

तिनं जिवाच्या आकांतानं कपाट उघडलं. शिकाऊ लोकांना दाखवायचा एक तुकडा होता, तो पुढे केला. बाबांनी तो उलटापालटा केला. "हा तुकडा आहे. तुकड्याला कुठे झालर असते?" म्हणत परत दिला. एरवी तिला हसू आलं असतं. त्यांनी तिला बाजूला सारायला तिचा दंड धरला. ऐंशीला टेकलेला माणूस, पण बोटं गाठी मारलेली. दंडावर पाच वळ उठले. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

फळीवर एका गिऱ्हाइकाचा रेशमी गालिचा होता. काठ झिजलेला, अगदी हवा तसा. तिनं तो उचललासुद्धा. बाबा समोर बसले असते, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याची चाळण केली असती. दुसऱ्याच्या विश्वासानं दिलेली वस्तू. तिनं तो परत ठेवला. पावणेचार झाले होते. दाराची कडी खडखडत होती, बाबा ती वरखाली करत होते, आणि थोड्याच वेळात त्याच दाराबाहेर मॅडम उभ्या राहणार होत्या.

झालरवालीनं मोठी कात्री घेतली. खिडकीशी गेली, बाबांच्या गालिच्यापाशी गुडघे टेकले. आधी तिला वाटलं, आपली नवी झालर तेवढी कापून काढावी. पण नवे दोरे तिनं इतके पक्के बसवले होते की काठ हलेना. नुसती झालर कापून उपयोग नव्हता, बाबा म्हणाले असते काठ बांधलेला आहे, राहू दे. मग तिनं कात्री आत घातली. गाठींच्या आत, चार बोटं. या टोकाच्या ओळी म्हणजे गालिच्याच्या पहिल्या ओळी. तरुण उस्तादानं हात बसायच्या आधी मारलेल्या, थोड्या वाकड्या, कुठे घट्ट कुठे सैल. ती कापत गेली. जाड दोरे कात्रीखाली करकरत तुटत होते, लोकरीच्या गाठी सुटून मांडीवर पडत होत्या, निळ्या, मग मातकट, मग पुन्हा निळ्या. तिला दिसत नव्हतं, डोळे भरले होते, तरी कात्री सरळ गेली. हात शिकलेला होता, त्याला काय करणार. कापून झाल्यावर तिनं आडवे दोरे ओढून काठ मोकळा केला, लोकर ओच्यात गोळा करून डब्यात कोंबली आणि तोंड पुसलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "जरा बघता का? हा काठ गेलाय."

कडीचा आवाज थांबला. बाबा आले. वाकून पाहिलं. खिशातून चष्मा काढला, सुई शोधली.

"अरे अरे," ते म्हणाले. "हे असं ठेवून कसा जाऊ?" आणि बसले.

मॅडम आल्या तेव्हा बाबांनी सहा दोरे घातले होते. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी नाव विचारलं, बाबांनी सांगितलं नाही, वार विचारला, बाबा म्हणाले, "कामाचा वार आहे." हात थरथरत नव्हते. मॅडम हसल्या. दादाला म्हणाल्या, "यांना हलवलं नाही तर बरं. आमच्याकडे रांगेत अजून चौदा जण आहेत. तूर्त जागा दुसऱ्याला देते." आणि चहा न घेता गेल्या.

दादा मागे राहिला. तोही याच घरात वाढलेला. त्यानं दाराशी पडलेल्या बाबांच्या चपला पाहिल्या, धुळीनं माखलेल्या. बहिणीच्या दंडावरचे वळ पाहिले. मग पायानं डब्याचं झाकण सरकवलं आणि आत बघत उभा राहिला.

"गेले होते ना?" त्यानं हळूच विचारलं.

"गेले होते."

"आणि हे तू कापलंस."

तिनं मान डोलावली. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यानं डब्यातली चिमूटभर लोकर उचलली, बोटांत चोळली. "आणि पुन्हा पुरं झालं तर?"

"पुन्हा कापीन."

"केवढा आहे हा?"

"सहा फूट होता," ती म्हणाली.

लोकर दादानं परत डब्यात टाकली नाही, खिशात घातली, आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला. बाबांनी वळून पाहिलं नाही. ते काठाशी नाक लावून बसले होते.

ती त्यांच्या शेजारी बसली.

"बाई," बाबा म्हणाले, "हा काठ झिजलेला नाही."

तिनं दोऱ्याचं रीळ जवळ ओढलं.

"झिजलेला दोरा टोकाशी बारीक होत जातो. हे बघा, सगळे एका रेषेत. कापलाय. मुद्दाम कापलाय. आणि ज्यानं कापलाय त्याला काम येतं, नवशिक्याची कात्री इतकी सरळ जात नाही." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्याच दुकानातला आहे का?"

"हो," ती म्हणाली.

"काढून टाका त्याला."

"त्याचा नाइलाज झाला असेल, उस्ताद."

"नाइलाज सगळ्यांचा होतो. म्हणून काय कोणी गालिच्याला कात्री लावतं?" बाबांचा आवाज चढला नव्हता, पण सुई धरलेला हात थांबला होता. "कोणीतरी वर्षंच्या वर्षं बसून मारलेल्या गाठी आहेत या. पहिल्या ओळी आहेत, बघा, हात अजून बसला नव्हता त्याचा. असल्या माणसाला दुकानात ठेवू नका."

"नाही ठेवत," ती म्हणाली.

बाईचं माणूस कमी होणार, याची बाबांना काळजी वाटली असावी.

"माझी लेक आहे," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकतेय. अजून कात्री दिलेली नाही तिला, पण सुई चांगली चालते. उद्या तिला घेऊन येतो. तिच्या हातून असलं काम कधी व्हायचं नाही."

झालरवालीनं दोरा कापला, सुईत ओवला आणि सुई त्यांच्यापुढे धरली.

"या घेऊन," ती म्हणाली.